धावले… माफ कर

चमचा पडला…!

दुसऱ्या कुठल्याही घरात चमचा पडला असता, तर कुणीतरी तो उचलला असता, फार तर विसळला असता आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण या घरात चमचा पडला आणि तीन माणसांचे श्वास अडकले. ताईचा हात हवेतच राहिला. खुर्चीतल्या आप्पांनी डोळे घट्ट मिटून घेतले, जणू डोळे मिटले की आवाज उलटा चमच्यात शिरणार होता! आणि वाटीभर साखर मागायला आलेल्या वरच्या काकू दारातच एका पायावर थबकल्या. दुसरा पाय खाली टेकवायची परवानगी त्यांना अजून कुणी दिली नव्हती.

"किती वाजले?" ताईनं नुसत्या ओठांनी विचारलं.

"अकरा वाजून सात मिनिटं," आप्पा पुटपुटले. "आणि काकू, पाय टेका आता. तुम्ही काय करकोचा आहात?"

ताईनं चमचा उचलायच्या आधी कागद उचलला. कागदाच्या छोट्या चिठ्ठ्या कापून तिनं डब्यात भरूनच ठेवल्या होत्या. तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मंगळवार. ११:०७. चमचा पडला. भूकंप नाही. माफ कर.' चिठ्ठी तिनं तपकिरी पाकिटात सरकवली आणि अपराधी नजरेनं हॉलच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं लाकडी खोक्याखाली, प्रेशर कुकरएवढं एक यंत्र फरशीवर बसलं होतं, आणि त्याचा इवलासा हिरवा दिवा खोक्याच्या फटीतून निर्विकारपणे लुकलुकत होता.

"जावईबापू रागावले नाहीत ना?" काकूंनी घाबरत विचारलं.

"जावयाचा राग लगेच दिसत नसतो," आप्पा म्हणाले. "तो मागाहून कळतो."

त्या भूकंपमापकाला 'जावई' हे नाव आप्पांनीच दिलं होतं. घरात शिरल्या दिवसापासून सगळ्यांनी त्याच्यापुढं पाय न वाजवता चालायचं, त्याची झोपमोड होऊ द्यायची नाही, आणि त्यानं मात्र कोपरा अडवून नुसतं बसायचं. मग दुसरं काय नाव देणार? आप्पा हे म्हणून हसायचे. ताईही हसायची. खरा जावई या घरात कधी आलाच नाही, आणि का आला नाही हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून ते हसणं दर वेळी थोडं लवकर संपायचं.

आई गेली तेव्हा ताईचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता आणि ताई वीस वर्षांची. बघायला येणारे येत होते. पण प्रत्येकाला नवरी हवी होती, नवरीच्या कडेवरचं पोर नको होतं. ताईनं एकदाच मान हलवली, 'नाही' म्हणाली आणि तो विषय कायमचा मिटवला. तिच्याकडे एकच विद्या होती, नाच! बुटांच्या तळाला लोखंडी पट्ट्या ठोकायच्या आणि लाकडी फळ्यांवर पायांनीच पखवाज वाजवल्यासारखा ताल धरायचा, असा तो नाच. हॉलमध्ये फळ्या टाकून तिनं क्लास सुरू केला. दोनाच्या चार मुली झाल्या, चाराच्या चाळीस. संध्याकाळी त्या घरावरून जाणाऱ्याला वाटायचं, आत घोडदळ राहायला आलंय की काय!

आणि शेजारच्या खोलीत धाकटा पाण्यानं भरलेला वाडगा जमिनीवर ठेवून त्यापुढं पोटावर पडलेला असायचा. पाण्यावर उठणाऱ्या वर्तुळांकडे तो तासन्‌तास बघायचा. सात-आठ वर्षांचं पोर ते! आणि मध्येच तिथनं ओरडायचा, "ताई, तिसऱ्या ओळीतली कुणीतरी चुकली!"

ताई ताल थांबवायची. तिसऱ्या ओळीतली मुलगी खरंच चुकलेली असायची.

"अरे, तुला दिसतंय कुठनं?"

"दिसत नाही गं. पाणी सांगतं."

असा हा मुलगा पुढं भूकंपाच्या मागं लागला, यात नवल ते काय! शाळेत लागला, कॉलेजात लागला, आणि शेवटी दूरच्या शहरातल्या विद्यापीठात भूकंपशास्त्राच्या संशोधनासाठी अर्ज करून बसला. जागा एक, अर्ज एकोणचाळीस. प्रोफेसरांनी अट घातली होती की ज्याला जमिनीची हालचाल नोंदवायला घट्ट खडकावरची, शांत जागा मिळेल, त्याचा विचार आधी. आणि योगायोग असा, की ताईच्या हॉलच्या कोपऱ्यात फरशीखाली अस्सल काळा खडक होता. घर बांधताना तो फुटला नाही, म्हणून गवंड्यानं वैतागून त्याच्यावरच फरशी बसवली होती.

प्रोफेसर स्वतः बघायला आले. गुडघ्यांवर बसले, फरशीला कान लावला, बोटांनी टकटक केलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काय खडक आहे! या गावाच्या पोटातलं सगळं इथं ऐकू येईल!"

तेवढ्यात संध्याकाळचे पाच वाजले. चाळीस मुली आल्या. प्रोफेसर फरशीवरून अक्षरशः दोन इंच वर उडाले.

"हे… हे रोज असतं?" कपडे झटकत त्यांनी विचारलं. "मग कठीण आहे. इथं भूकंप झाला तरी या पोरींच्या गर्दीत हरवून जाईल."

 धाकट्यानं नुसती मान खाली घातली. ती खाली गेलेली मान ताईनं ओळखली… पाच वर्षांचा असताना आईच्या खाटेजवळ त्यानं अशीच मान खाली घातली होती!

"सर," ताई म्हणाली, "शांतता किती दिवस लागेल?"

"तीन महिने तरी."

"तीन महिने ना? मग हा क्लास उद्यापासून बंद."

"ताई, वेडी आहेस का?" धाकटा ओरडला.

"गप रे. माझे गुडघे दुखतात हल्ली. मला विश्रांती हवीच होती." तिचे गुडघे तेव्हा ठणठणीत होते!

दुसऱ्या दिवशी तिनं लोखंडी पट्ट्यांचे बूट पुसले, पत्र्याच्या पेटीत ठेवले. जावई आला, कोपऱ्यात बसला. धाकट्याला जागा मिळाली आणि तो विद्यापीठाच्या वसतिगृहात निघून गेला. जाताना ताईला सगळं शिकवून गेला. दर पंधरा दिवसांनी यंत्रातलं मेमरी कार्ड काढायचं, दुसरं घालायचं, आणि भरलेलं कार्ड पाकिटातून प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवायचं. घरात काही पडलं-आपटलं तर वेळ लिहून चिठ्ठी जोडायची, म्हणजे जमिनीचा धक्का कुठला आणि माणसाचा कुठला ते वेगळं काढता येईल.

ताईनं हे व्रतासारखं घेतलं. आप्पांच्या काठीला खालून रबर बसलं. रेडिओ उशीखाली गेला, आणि आप्पा बातम्या उशीला कान लावून ऐकू लागले. दारांच्या बिजागऱ्या तेलात न्हाल्या. वरच्या काकूंचं कपडे धुण्याचं मशीन शेवटच्या फेऱ्याला सबंध इमारत हलवायचं. काकू चादरी हातानं पिळू लागल्या. त्यांच्या मनगटाला सूज आली तेव्हा म्हणाल्या, "असू दे गं. पोरगं मोठं होतंय, माझं मनगट काय घेऊन बसलीस." पाहुण्यांची पोरं आली की ताई त्यांना दारातच गोळ्या द्यायची, अट एकच: गोळी संपेपर्यंत बसून राहायचं. आणि ती स्वतः? ती मोज्यांवर चालायला शिकली. आधी टाच नाही, आधी चवडा… मग हळूच बाकीचा पाय. ज्या पायांनी चाळीस मुलींना गडगडाट शिकवला, ते पाय आता मांजराला लाजवू लागले.

प्रत्येक पाकिटाची पोच यायची. प्रयोगशाळेच्या भांडारपालाचं टपोरं अक्षर: 'कार्ड मिळाले. क्रमांक सात.' 'कार्ड मिळाले. क्रमांक आठ.' सोबत एक कोरं कार्ड. ताई त्या पोचा जपून ठेवायची. तीन महिने संपले, सहा झाले, वर्ष झालं. आता पुरे असं कुणी कळवलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. आपण केलेलं कुणाच्या डोळ्यासमोर नाचवायचं, हे तिला कधी जमलंच नव्हतं.

एकदाच फोनवर तिनं भीत भीत विचारलं, "तुझं काम नीट चाललंय ना रे?"

"एकदम मस्त, ताई! रेकॉर्ड इतकं स्वच्छ येतंय, सर खूश आहेत!"

त्या एका वाक्यावर ताईनं आठ दिवस पोट भरलं.

धाकटा वर्षातून दोनदा यायचा, दोन दिवस राहायचा. कोपऱ्यातल्या खोक्याखाली तो कधी वाकून बघायचा नाही. "क्लास सुरू नाही केलास?" विचारायचा.

"आप्पांना आवाज सोसत नाही रे आता," ती सांगायची. आणि आप्पा, तेही बेरकी, लगेच कपाळाला हात लावून आवाज न सोसणाऱ्या माणसासारखा चेहरा करायचे! पोराच्या मनावर ओझं नको, म्हणून बाप-लेक दोघंही खोटं बोलायची, आणि पोरगं ते सुखानं खरं मानायचं.

चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला आप्पा गेले.

दुपारची वेळ होती. जेवण झाल्यावर खाटेपासून खिडकीपर्यंत चालायचं, हा त्यांचा नेम होता. ताई स्वयंपाकघरात ताटल्या पुसून एकीवर एक, मध्ये कापड घालून ठेवत होती. आणि अचानक तिला जाणवलं की काहीतरी थांबलंय. रबराचा आवाज तो कसला, पण तो ऐकायला तिचे कान इतके सरावले होते की तो थांबल्याचंच तिला ऐकू आलं!

ती धावली. चवडा नाही, टाच नाही, नुसती धावली…! आप्पा खिडकीच्या अलीकडे बसल्यासारखे पडले होते. पडतानासुद्धा त्यांनी काठी हातात धरून ठेवली होती, खाली आपटू दिली नव्हती.

"वाजली… नाही ना?" ते म्हणाले. बस, एवढंच. मग त्यांची मान तिच्या हातावर कलली.

ताईनं हंबरडा फोडला नाही. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती रडली. आणि डॉक्टर यायच्या आधी, कसं कोण जाणे, तिनं डब्यातून एक चिठ्ठी घेतली.

धाकटा आला, रडला, दोन दिवस राहिला. निघताना म्हणाला, "ताई, आता एकटी राहू नकोस. क्लास तरी सुरू कर."

"बघते," ताई म्हणाली, आणि डोळे कोपऱ्यातल्या हिरव्या दिव्याकडे गेले. तुझं पुरं होऊ दे रे आधी, एवढं ती मनातच बोलली.

आणि एक दिवस ते पुरं झालं! धाकट्याची शेवटची तोंडी परीक्षा होती, सगळ्यांसमोर. ताई पहाटेची बस धरून गेली. तिच्या पिशवीत पोचांचा गठ्ठा होता, एकशे बारा. का आणला, तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित कुणी विचारलंच, की बाई, इतकी शांतता आणलीत कुठून, तर दाखवायला.

सभागृहात ती पहिल्या रांगेत बसली. पडद्यावर चित्रं येऊ लागली. दगड. दगडाचे तुकडे. दगड दाबणारं एक प्रचंड यंत्र. धाकटा सांगत होता की दगड फुटायच्या आधी कसा कुरकुरतो, कसे बारीक तडे आतल्या आत पसरतात आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही… ताई वाट बघत होती. आता आपला कोपरा येईल. या चित्रानंतर येईल. पुढच्या नंतर येईल…

"धन्यवाद," धाकटा म्हणाला. दिवे लागले. त्यानं प्रोफेसरांचे आभार मानले, दगड दाबणाऱ्या यंत्राचे मानले, यंत्राच्या मेकॅनिकचे मानले आणि शेवटी 'माझ्या घरच्यांच्या आशीर्वादाचे' मानले. टाळ्या कडाडल्या. ताईनंही वाजवल्या. पण इतक्या वर्षांची सवय! तिचे तळहात एकमेकांना लागले, आवाज आला नाही.

बाहेर चहापाशी एक लठ्ठ गृहस्थ तिच्याकडे टक लावून पाहत होते. तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या पोचा त्यांनी ओळखल्या.

"म्हणजे तुम्हीच त्या पाकीटवाल्या ताई!" ते आनंदानं ओरडले. "मी इथला भांडारपाल! या, या, तुम्हाला दाखवतो. एक पाकीट गहाळ झालेलं नाही, देवाशपथ!"

त्यांनी अभिमानानं एक लोखंडी खण ओढला. आत तपकिरी पाकिटं होती, क्रमांकानं लावलेली, कडेला कडा जुळलेल्या. पहिली सहा फोडलेली. पुढची एकशे सहा… बंद.

"ही उघडली नाहीत?" ताईचा आवाज तिलाच परका वाटला.

"छे, छे! दुसऱ्याचं टपाल मी फोडीन? विद्यार्थ्याच्या नावावर आहे, त्यानं येऊन सही करून न्यायचं. तो आला नाही. त्याचा विषय बदलला ना! चौथ्याच महिन्यात सरांना ते दगडाचं यंत्र मंजूर झालं, मग सगळ्या पोरांना तिकडं जुंपलं."

"मग मला कुणी कळवलं का नाही?"

"कळवायचा फॉर्म असतो, ताई. तुमच्या भावानं तो भरला होता. 'यंत्र परत मागवावे.' आलाय माझ्याकडे, हा बघा. सरांची सही तेवढी राहिली." त्यांनी फॉर्मवरची धूळ प्रेमानं झटकली. "पण तुमची पाकिटं येत राहिली, आणि पोच देणं माझं काम. कामात कसूर नाही आपली!"

चार वर्षं आठ महिने… आप्पांचा रेडिओ, काकूंचं मनगट, पेटीतले बूट… सगळं त्या खणात, कडेला कडा जुळवून ठेवलेलं!

"त्याला सांगू नका," ताई म्हणाली. "मी पाहिलं म्हणून सांगू नका हं. आज त्याचा आनंदाचा दिवस आहे."

धाकटा धावत आला, तिच्या पाया पडला. "ताई! कसं झालं? अगं, डोळ्यांत पाणी काय?"

"तुझ्या दगडाची धूळ गेली रे," ताई हसत म्हणाली.

घरी परतल्यावर तिनं चपला बाहेर काढल्या आणि चवड्यांवर आत शिरली. मग थांबली. कुणासाठी? आता कुणासाठी गं बाई? तिनं टाच आपटून बघायचं ठरवलं. पाय उचलला… आणि अलगद टेकवला. हिरवा दिवा लुकलुकत होता. पंधरवडा भरला होता. दुसरं काय करावं ते सुचेना, म्हणून तिनं कार्ड बदललं आणि चिठ्ठी लिहिली: 'काही पडलं नाही. सगळं शांत. माफ कर.'

आणि सगळा घोटाळा त्या एकशे तेराव्या पाकिटानं केला. ते खणात मावेना! भांडारपालांनी ढोपरानं दाबलं, खांद्यानं दाबलं, खण लागेना. तेव्हा मात्र त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. धाकटा पदवीच्या कागदासाठी 'काही येणे नाही' असा दाखला मागायला गेला, तर त्यांनी सरळ सांगितलं, "तुमच्या नावावर एक यंत्र बाकी आहे आणि हा खण बाकी आहे. तो रिकामा करा, मग दाखला."

नंतरच्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास, ताईला दाराशी कुणीतरी जाणवलं. धाकटा होता. हातात जड बॅग. त्यानं बूट बाहेर काढले, मोजे तसेच ठेवले, आणि आत आला… चवड्यांवर. तोल सांभाळत, हात पसरून, लहान मुलासारखा. ताईच्या लक्षात आलं… याला कळलं!

तो तिच्यापुढं जमिनीवर बसला.  मग त्यानं एक लांब कागद उलगडला. त्यावर एक बारीक, जवळजवळ सरळ रेघ होती.

"कार्डं उघडली मी. सगळी. आठ दिवस झोपलो नाही, ताई." त्यानं रेघेवर बोट ठेवलं. "हे बघ. हे बारीक ठोके. रोज दुपारी. चौदा. मला आधी कळेना काय आहे. आप्पांची काठी आहे गं ती! खाटेपासून खिडकीपर्यंत चौदा. रबर लावलं होतंत, तरी याला ऐकू येतं." बोट पुढं सरकलं. "आणि या दिवशी… नऊच आहेत."

ताईनं डोळे मिटून घेतले.

"आणि मग हे."

रेघ तिथं वेडीपिशी झाली होती. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओरखडे.

"चार वर्षं आठ महिन्यांतला सगळ्यात मोठा धक्का आहे हा. सात पावलं."

"स्वयंपाकघरापासून सातच आहेत," ताई म्हणाली.

त्यानं खिशातून एक चिठ्ठी काढली. कागद एका जागी पाण्यानं फुगून वाळला होता. तो वाचू लागला आणि त्याचा आवाज फाटला: "'दुपारी ३:४०. धावले. आप्पा गेले. हा धक्का जमिनीचा नाही, खूण करून ठेव. माफ कर.'… ताई! आप्पा गेले आणि तू मला माफी मागतेस? मला? मी तर हे पाकीट…"  त्यानं कपाळ फरशीवर टेकलं. "चमचा पडला, माफ कर. शिंक आली, माफ कर. शेवटच्यात तर काही पडलंसुद्धा नव्हतं! कशाबद्दल माफ करू गं मी तुला?"

ताईला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. हात उचलला गेला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो उचलला गेला नाही, आणि त्याचंच तिला भय वाटलं.

"सर काय म्हणाले?" तिनं विचारलं.

धाकट्यानं दुसरा कागद काढला. "सरांनी रेकॉर्ड बघितलं. म्हणाले, 'भरवस्तीतली इतकी शांत जागा मी जन्मात पाहिली नाही! हे कायमचं केंद्र करू.' मला नोकरी देतायत, केंद्र सांभाळायला. भिंतीवर पितळी पाटी लावणार आहेत." तो कडवट हसला. "आणखी दहा वर्षं हवीत त्यांना."

 ताईनं कोपऱ्याकडे पाहिलं. दहा वर्षं… पण मग ते फुकट तर जाणार नाही! तो खण, ते सगळं, कशाच्या तरी कामी येईल. आप्पांचे नऊ ठोके कुणीतरी जपून ठेवील.

"मग घे की नोकरी," ती म्हणाली. "चालू ठेव. मला काय, सवय झालीय आता."

धाकटा उठला. कोपऱ्यात गेला, खोकं बाजूला केलं आणि एका झटक्यात वायर उपटली.

हिरवा दिवा विझला.

"अरे, काय केलंस!" ताई किंचाळली, आणि लगेच स्वतःच्याच आवाजाला दचकून तिनं तोंडावर हात ठेवला. "पोरा, चार वर्षं आठ महिने रे…! एक मिनिट बंद पडू दिलं नव्हतं मी! तू कोण बंद करणारा?" आणि ती रडू लागली. आप्पा गेले तेव्हा जे मोकळेपणी रडली नव्हती, ते सगळं रडली, त्या प्रेशर कुकरएवढ्या डब्याला कवटाळून.

धाकट्यानं तिला रडू दिलं. मग तो पेटी घेऊन आला. बुटांच्या पट्ट्यांवर गंज धरला होता. त्यानं ते स्वतःच्या सदऱ्यानं पुसले, खाली बसून तिच्या पायात चढवले, नाड्या बांधल्या. तिनं विरोध केला नाही. त्यानं स्वयंपाकघरातून वाडगा आणला, काठोकाठ पाण्यानं भरला, जमिनीवर ठेवला आणि त्यापुढं पोटावर पडला. तीस वर्षांचा, टक्कल पडू लागलेला शास्त्रज्ञ!

"नाच, ताई."

ताईनं पाय उचलला. ताल तिला आठवत होता, प्रत्येक बोल आठवत होता. पाय खाली आला… चवडा आधी, मग हळूच बाकीचा. लोखंड फळीला टेकलं आणि आवाज झाला नाही. तिनं पुन्हा उचलला, जोर केला, ओठ चावले. पाय शेवटच्या क्षणी आपोआप सावरला. पुन्हा. पुन्हा. त्या हॉलमध्ये ती घामाघूम होऊन नाचत होती आणि फळ्यांना पत्ता नव्हता.

धाकटा पाण्याकडे बघत होता. पाणी आरशासारखं होतं.

"गेलं रे," ताई थांबून म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आश्चर्य होतं. "पायातून गेलं ते. आता नाही यायचं."

धाकटा उभा राहिला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. आणि एकाएकी, बेभान होऊन, तो जागच्या जागी उड्या मारू लागला! धप्प! धप्प! धप्प! पाणी वाडग्याबाहेर उसळलं, भिंतीवरची तसबीर वाकडी झाली, मांडणीवरच्या ताटल्या खणखणल्या. तो रडत होता आणि उड्या मारत होता.

वरून काकूंचा कळवळून आलेला आवाज ऐकू आला, "अगं बाई! कोण धपधपतंय खाली? जावई उठेल ना!"

ताईनं सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. सवयीनंच तिचा हात डब्याकडे गेला. यंत्र बंद होतं, पाकीट जाणार नव्हतं, तरीही तिनं चिठ्ठी घेतली आणि भिंतीला टेकून लिहिलं:

'गुरुवार. ५:१०. धाकटा घरी आला. पाणी सांडलं.'

पुढं लिहायला पेन टेकलं, तिथंच थांबलं. तिनं उड्या मारणाऱ्या भावाकडे पाहिलं, ओल्या फरशीकडे पाहिलं, पायातल्या मुक्या बुटांकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि चिठ्ठी तशीच, तेवढीच, डब्यात ठेवून दिली.